मुले मोठी झाल्यावर टाइमशेअर ठेवावे की सोडावे, हे कसे ठरवावे

टाइमशेअरचे सभासदत्व, म्हणजे दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याचा आगाऊ पैसे भरून मिळवलेला हक्क, बहुतेक कुटुंबे मुले शाळेत असतानाच घेतात. आम्ही सांगलीत २००८ साली घेतले तेव्हा मुलगा पाचवीत आणि मुलगी पहिलीत होती. माझे यजमान साखर कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे गळीत हंगाम सुरू असताना त्यांना दिवाळीतही चार दिवस सलग रजा मिळणे कठीण असे, आणि मी बँकेत होते. चौघांच्या सवडीचा वर्षातला एकच काळ उरत असे, तो म्हणजे मे महिना. त्याच महिन्यात महाबळेश्वरपासून उटीपर्यंत सगळीकडे खोल्यांचे भाव चढलेले असतात. अशा वेळी दरवर्षीची सात रात्रींची सोय आधीच झालेली असणे हे खरोखरच मोलाचे होते, आणि पहिली नऊ-दहा वर्षे आम्ही तिचा पुरेपूर उपयोग केला. ती खरेदी चुकीची होती असे मला आजही वाटत नाही.

आता मुलगा पुण्यात आहे, मुलगी बंगळूरुला आहे आणि आम्ही दोघे निवृत्त आहोत. वार्षिक शुल्काचे पत्र मात्र दरवर्षी येते, आणि दरवर्षी मागच्या वर्षापेक्षा मोठ्या आकड्याचे येते. आमच्या परिचयातल्या चार-पाच घरांत हीच स्थिती आहे. बँकेतली सवय म्हणून त्यांचे हिशेब मांडून देता देता जी पद्धत हाताशी आली, ती येथे क्रमाने लिहीत आहे.

आधी करारपत्र पुन्हा वाचावे

भारतात ही पद्धत १९८० च्या दशकात रुजू लागली. स्टर्लिंग हॉलिडेज ही कंपनी १९८६ मध्ये आणि महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे प्रचलित असलेल्या बहुतेक योजनांत सभासदाला जागेची मालकी मिळत नाही, फक्त ठरावीक मुदतीपर्यंत वापराचा हक्क मिळतो. सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर आपले नाव लागत नाही. पंचवीस वर्षांची मुदत संपली की हक्कही संपतो. म्हणून "आपली तिकडे प्रॉपर्टी आहे" असे जे घरात बोलले जाते, ते पहिल्याच दिवशी मनातून काढून टाकावे. विकून चार पैसे येतील ही अपेक्षा त्या एका शब्दामुळे निर्माण होते आणि पुढचे सगळे निर्णय बिघडवते.

करारपत्रात मुख्यतः चार गोष्टी शोधाव्यात: मुदत कोणत्या तारखेला संपते, आपल्या वाट्याला कोणता हंगाम आणि किती मोठी खोली आहे, वार्षिक शुल्क कशाच्या आधारे वाढते, आणि सभासदत्व मध्येच सोडल्यास किंवा दुसऱ्याच्या नावावर केल्यास काय होते. हंगामांना काही कंपन्या रंगांची नावे देतात. महिंद्राच्या योजनेत जांभळा हा सर्वांत गर्दीचा आणि महागडा, तर निळा सर्वांत शांत आणि स्वस्त. सभासदत्व घेताना आपण जी रक्कम भरली, तिचा मोठा भाग या हंगामासाठी आणि खोलीच्या आकारासाठी होता. महागडा हंगाम आपण घेतला तो मुलांच्या शाळेमुळे, आणि दोन खोल्यांचे घर घेतले तेही मुलांमुळेच. ही दोन्ही कारणे आज घरात आहेत की नाहीत, याच प्रश्नाच्या उत्तरावर सगळा हिशेब उभा राहतो. सभासदत्वाची किंमत शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेली होती. ते वेळापत्रक घरातून गेले की कागद तोच राहतो, पण त्याचे मोल बदलते.

हिशेब पुढच्या वर्षांचा करावा

सुरुवातीला भरलेले दोन-तीन लाख रुपये आज हिशेबात धरू नयेत. ते ठेवले तरी खर्च झालेले आहेत आणि सोडले तरी खर्च झालेले आहेत. "एवढे पैसे घातले आहेत, मग वापरायला नकोत का?" या विचाराने अनेक जण नको असलेल्या ठिकाणी, नको असलेल्या दिवसांत जातात आणि वर प्रवासाचा व जेवणाचा नवा खर्च करून येतात. हे मी जवळून पाहिले आहे. मोजायचे ते यापुढे खिशातून जाणारे पैसे.

उदाहरणासाठी काही आकडे गृहीत धरू. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या पावत्यांवरचे आकडे घालावेत. समजा, वार्षिक शुल्क २०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २३,६०० रुपये होतात. मुदतीची दहा वर्षे उरली आहेत आणि शुल्क दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढते असे मानले, तर या दहा वर्षांत एकूण सुमारे ३ लाख ११ हजार रुपये भरावे लागतील. हा आकडा एकदा कागदावर लिहून दोघांनी समोरासमोर बसून पाहावा, कारण वर्षाला तेवीस हजार म्हणून जो खर्च अंगवळणी पडलेला असतो, तो एकत्रित पाहिल्यावर वेगळा दिसतो.

आता या वर्षीच्या २३,६०० रुपयांची तुलना हॉटेलच्या खर्चाशी करायची. येथे एक चूक हमखास होते. कंपनीचा प्रतिनिधी आपल्या दोन खोल्यांच्या घराची तुलना तशाच मोठ्या सूटच्या भाड्याशी करून दाखवतो, परंतु आपण दोघेच जाणार असू तर आपण तो सूट कधीच घेतला नसता. म्हणून तुलना आज आपण स्वतःच्या पैशांनी जी खोली घेतली असती, तिच्याशी आणि ज्या दिवसांत गेलो असतो, त्या दिवसांच्या भाड्याशी करावी.

निवृत्त जोडपे जानेवारीत किंवा जुलैत, सोमवार ते गुरुवार, ३,००० रुपयांच्या स्वच्छ खोलीत आरामात राहू शकते. रोज साडेसात हजारांपर्यंत भाड्याच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ही खोली रात्रीला ३,१५० रुपयांना पडेल. २३,६०० रुपयांत अशा जवळजवळ साडेसात रात्री होतात. सभासदत्वाने मिळतात सात. म्हणजे या जोडप्याने एकही रात्र वाया न घालवता सगळ्या वापरल्या, तरीही त्याला हॉटेलच स्वस्त पडते. आता हेच सभासदत्व मे महिन्यात वापरणारे कुटुंब घ्या. त्या दिवसांत ९,००० रुपयांची खोली, तिच्यावर १८ टक्के कर, म्हणजे रात्रीला १०,६२० रुपये. तीन रात्री वापरल्या की वर्षाचे शुल्क वसूल होते, आणि माणसे चारपेक्षा जास्त असल्यामुळे हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागत असतील तर तीनही लागत नाहीत. मधल्या स्थितीत, म्हणजे करासह ५,२५० रुपयांची खोली घेणाऱ्यांसाठी, हा आकडा साडेचार रात्रींच्या आसपास येतो. सभासदत्व तेच, शुल्क तेच, आणि एका घराला ते फायद्याचे तर दुसऱ्याला तोट्याचे. म्हणूनच शेजाऱ्यांनी काय केले यावरून आपला निर्णय घेऊ नये.

सभासदत्व सोडल्यास कंपनी काही रक्कम परत देणार असेल, तर हिशेबात एक ओळ वाढते. समजा, आज सोडल्यास ६०,००० रुपये मिळतात आणि दहा वर्षांनी काहीच मिळणार नाही. हेच पैसे ७ टक्के व्याजाने गुंतवून दहा वर्षांत समान हप्त्यांनी काढले असते, तर वर्षाला सुमारे ८,५०० रुपये हाती आले असते. सभासदत्व ठेवणे म्हणजे तेवढे उत्पन्न सोडणे. तेव्हा वर्षाचा खरा खर्च ३२,१०० रुपयांच्या घरात जातो, आणि मधल्या स्थितीतल्या कुटुंबाला साडेचारऐवजी सहाहून अधिक रात्री वापरल्या तरच ते परवडते. हॉटेलच्या भाड्यात सकाळचा नाश्ता धरलेला असतो का आणि रिसॉर्टमध्ये तो वेगळा घ्यावा लागतो का, हेही पाहावे. दोघांचा सात दिवसांचा नाश्ता ही लहान रक्कम नसते.

किती रात्री वापराल, हे मनाला न विचारता वहीला विचारावे

हिशेबातला सर्वांत नाजूक आकडा रुपयांचा नसून रात्रींचा आहे. "यंदा सगळे मिळून जाऊ" असे प्रत्येक दिवाळीत ठरते. मुलांना जायचे नसते असे नाही, परंतु नोकरीतल्या मुलांना रजा मिळते ती शनिवार-रविवारला जोडून एखाद-दोन दिवसांची. सात रात्रींची सुटी त्यांच्या आयुष्यात आता क्वचितच बसते. शिवाय पुणे, बंगळूरु आणि सांगली या तिन्ही ठिकाणांहून सर्वांना सोयीचे असे ठिकाण निवडले, की नेमक्या त्याच शनिवारी तेथे जागा नसते.

म्हणून गेल्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष वापर कंपनीकडून किंवा आपल्या खात्यावरून काढावा. किती रात्री मिळाल्या, किती वापरल्या, किती पुढे ओढल्या, किती बुडाल्या आणि प्रत्येक वेळी कोण कोण होते, हे एका पानावर लिहावे. आमच्या वहीत हे पान लिहिले तेव्हा तीन वर्षांतल्या एकवीस रात्रींपैकी आम्ही फक्त आठ वापरल्या होत्या, आणि त्यातल्या चार केवळ मुदत संपत आली म्हणून घाईने वापरल्या होत्या. अपवादाची वर्षे मात्र वेगळी ठेवावीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली वेढली गेली तेव्हा, आणि पुढे टाळेबंदीत, कोणाच्याच सहली झाल्या नाहीत. ती वर्षे पुढच्या दहा वर्षांचे प्रमाण मानता येणार नाहीत.

नातवंडांचा विचार येथे हळवेपणाने होतो, आणि तो स्वाभाविक आहे. तरीही तो वर्षे मोजून करावा. नातवंड आज एक वर्षाचे असेल आणि मुदत दहा वर्षांची उरली असेल, तर ते शाळेत जाऊ लागल्यावर मे महिन्याच्या सुटीची चार-पाच वर्षेच हाती लागतील. मुदत चार वर्षांचीच असेल तर काहीच लागणार नाही. जन्माला न आलेल्या नातवंडांच्या भरवशावर दरवर्षी शुल्क भरू नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

आपल्या वयाकडेही पाहावे. मुलांबरोबर जाताना आपण घाटमाथ्यावरचे, गावापासून दूर असलेले, शांत रिसॉर्ट मुद्दाम निवडत होतो. आता गुडघे, रक्तदाब आणि रात्री-अपरात्री डॉक्टर लागण्याची शक्यता यांचा विचार करावा लागतो. इस्पितळ किती अंतरावर आहे, खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, मिरजेहून रेल्वेने जाता येते की शेवटचा टप्पा घाटातल्या टॅक्सीचा आहे, हे विचारल्यावर यादीतली निम्मी ठिकाणे आपोआप गळतात. उरलेल्या ठिकाणी हव्या त्या महिन्यात जागा मिळते का, हे आरक्षणाच्या पानावर दोन-तीन वेगवेगळ्या तारखा टाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. सांगलीकरांना कराड-सातारा-मेढामार्गे महाबळेश्वर किंवा आंबा घाट उतरून कोकण एका सकाळीच गाठता येते. एवढ्या जवळच्या दोन रात्रींच्या सहलीसाठी पंचवीस वर्षांचा करार लागत नाही.

ठेवायचे नसेल तर

सोडण्याचे मार्ग थोडे आहेत आणि त्यातला एकही फारसा सुखाचा नाही, तरी घाई न करता प्रत्येक तपासावा. पहिला मार्ग कंपनीलाच सभासदत्व परत करण्याचा. करारात तशी तरतूद असेल तर बहुधा उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात, काही कपात करून, रक्कम ठरते. तरतूद नसेल तरीही लेखी विनंती करून पाहावी. पूर्वीचे शुल्क थकले असल्यास ते त्यातून वळते होते, म्हणून थकबाकी वाढू देण्यापूर्वीच पत्र द्यावे. शुल्क भरणे नुसते बंद करून गप्प बसणे हा मार्ग अनेकांना सोपा वाटतो, परंतु थकबाकीवर व्याज आकारण्याची आणि आरक्षण रोखण्याची कलमे करारात असू शकतात. ती वाचल्याशिवाय असे करू नये.

दुसरा मार्ग मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करण्याचा. आपल्याकडे हे सहज, जवळजवळ आशीर्वाद म्हणून केले जाते. आम्ही मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "आई, तुम्ही देताय ते प्रेमाने देताय हे मला कळतं, पण दरवर्षीचं बिल माझ्या नावावर येणार ना?" तिचे म्हणणे पूर्णपणे योग्य होते. नावावर हक्क जातो तेव्हा देणेही जाते. म्हणून मुलांना शुल्काच्या गेल्या पाच वर्षांच्या पावत्या आणि उरलेल्या मुदतीचा एकूण आकडा दाखवून मगच विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर मन दुखावून घेऊ नये. पतिपत्नींपैकी एकाच्याच नावावर सभासदत्व असेल तर दुसऱ्याचे नाव लावून घेण्याचे काम मात्र लगेच करावे, कारण पुढे कागदपत्रांची धावपळ नेमकी त्या एकट्या माणसाच्या वाट्याला येते.

तिसरा मार्ग बाहेरच्या व्यक्तीला विकण्याचा. त्यात अपेक्षा अगदी माफक ठेवावी, कारण घेणाऱ्यालाही वार्षिक शुल्क भरायचेच असते, आणि हस्तांतरासाठी कंपनीची संमती व शुल्क लागू शकते. येथेच फसवणुकीचा सर्वांत मोठा धोका आहे. "तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, चार लाख देतोय, फक्त नोंदणीचे किंवा जीएसटीचे वीस हजार आधी भरा," असा दूरध्वनी येतो. बोलणाऱ्याला आपला सभासद क्रमांकही माहीत असतो, त्यामुळे विश्वास बसतो. विक्रीपूर्वी विक्रेत्याकडून पैसे मागणारा मध्यस्थ कितीही गोड बोलला तरी त्याला एक रुपयाही देऊ नये आणि ओटीपी तर कोणालाच सांगू नये. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे.

याचाच सभ्य भासणारा प्रकार म्हणजे जुने सभासदत्व नव्यात बदलण्याचा आग्रह. हॉटेलात बोलावून चहापान होते, जुन्या सभासदत्वाला मोठी किंमत दिल्याचे दाखवले जाते आणि वरचा फरक हप्त्यांनी भरायला सांगितले जाते. मात्र नव्या करारात मुदत पुन्हा पहिल्या वर्षापासून मोजली जात असेल, तर साठीतल्या माणसाने पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंतचे शुल्क कबूल केलेले असते. त्या बैठकीत सही करू नये; कागद घरी आणावा, मुलांना दाखवावा आणि वरचा हिशेब नव्या आकड्यांनी पुन्हा मांडावा.

ज्यांना मुदत संपेपर्यंत ठेवायचेच आहे, त्यांनी महागड्या हंगामातल्या रात्रींच्या बदल्यात स्वस्त हंगामात जास्त रात्री मिळतात का, मोठ्या खोलीऐवजी लहान खोली घेऊन रात्री वाढवता येतात का आणि नातेवाइकांना आपल्या नावावर पाठवता येते का, हे तीन प्रश्न कंपनीला विचारावेत. योजनेत यांची सोय असेल तर निवृत्तांसाठी सगळा हिशेबच पालटू शकतो.

लेखी मागणी आणि तक्रार

दूरध्वनीवर मिळालेल्या उत्तराला पुढे किंमत नसते. ईमेलने आणि स्पीड पोस्टाने एक पत्र पाठवून मुदत संपण्याची तारीख, शिल्लक रात्री, आज सोडल्यास मिळणारी रक्कम आणि हस्तांतराचे शुल्क एवढीच माहिती मागावी. शुल्काचे पुढचे बिल निघण्याच्या किमान दोन महिने आधी हे पत्र गेलेले बरे. आम्हाला उत्तरासाठी तीन स्मरणपत्रे पाठवावी लागली आणि त्या प्रत्येकाची पोच आम्ही जपून ठेवली.

उत्तर आलेच नाही किंवा करारात आहे त्याच्या विपरीत आले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईला किंवा चेन्नईला असले तरी सांगलीच्या माणसाला तिकडे खेपा घालाव्या लागत नाहीत. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते, आणि नुसते पत्र पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. वाद लवादाकडेच न्यावा लागेल असे कलम करारात असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग त्यामुळे बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

आमच्यापुरते सांगायचे तर, परत मिळणारी रक्कम अगदीच थोडी निघाली आणि मुदत सात वर्षांची उरली होती. एवढ्यावर आम्ही सोडूनच दिले असते. परंतु मुलाचे लग्न झाले आणि सूनबाई पुण्यातल्या शाळेत शिक्षिका आहेत. त्यांना सुटी मिळते ती मे महिन्यात आणि दिवाळीत, म्हणजे जे वेळापत्रक घरातून गेले होते तेच पुन्हा आले. गेल्या वर्षी आम्ही चौघे मे महिन्यात पाच रात्री राहून आलो. वहीत आम्ही असे लिहून ठेवले आहे की सलग दोन वर्षे चारपेक्षा कमी रात्री वापरल्या गेल्या, तर तिसऱ्या वर्षीचे शुल्क भरण्याऐवजी सोडण्याचे पत्र जाईल. त्याखाली आम्ही दोघांनी सह्या केल्या आहेत.